पोट्टे आणि बाकं
अत्यंत गंभीरपणे जाहीर करतो की, आलुबोंड्याचा वास आला की मला परराष्ट्र धोरण आठवतं. वलगावजवळच्या एका शाळेत इंग्लंडच्या सेवाभावी संस्थेची बाई आली होती आणि अमरावतीहून दुभाषा म्हणून मी मोठ्या ऐटीत गेलो होतो. शाळेला बाकं द्यायची की नाही, हे तीच ठरवणार होती. मुलं गार फरशीवर मांड्या घालून बसलेली, बाहेर खिचडी रटरटत होती. मुख्याध्यापक कळवळून थेट तिलाच म्हणाले, "पाहा मॅडम, आमचे पोट्टे खालीच बसून राह्यले!" वऱ्हाडात पोट्टे म्हणजे मुलं. "पोट्टे?" बाईने वही उघडली, चुलीकडे पाहिलं आणि मला इंग्रजीत विचारलं, "हे पोट्टे तुम्ही उकडून खाता की तळून?" मी चक्रावलो. मुलांकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, आणि दुभाष्याचा धर्म म्हणून प्रश्न जसाच्या तसा मराठीत सांगून टाकला. मुख्याध्यापकांनी किंकाळीच फोडली. तिला 'पोटॅटो' ऐकू आलं होतं, हे मला परतीच्या बसमध्ये उमगलं. बाकंही पुढे आली. पण आजही आलुबोंडा तोंडाशी नेला की मुख्याध्यापकांची ती किंकाळी कानात घुमते: "बाकं राहू द्या म्हणा त्याइले, पण माह्या पोट्ट्याइले हात नका लावू!"