ओटीची टोपली

खांदा कॉलनीत बाळंतीण घरी आली की पहिला निरोप जनीला जायचा. जनी डोंगरालगतच्या वाडीवरची कातकरीण. अर्धं आयुष्य वीटभट्टीवर विटा वाहिलेली. त्या हातांना अशी पकड होती की तेल चोपडलेलं, रडून लालबुंद झालेलं पोर कधी निसटलं नाही. नवरा दारूत गेला, झोपडं कुडाचं. नाव होतं ते फक्त हातांचं. ते मात्र तिने जपलं होतं.

कुंदन आणि भावनाच्या समृद्धीला जनीनेच न्हाऊमाखू घातलं. २०१२ साली पोर दहा महिन्यांची झाली आणि जावळासाठी तिला कार्ल्याच्या एकवीरेला न्यायचं ठरलं. भावनाच्या भावाने मस्कतहून लहान मुलांना गाडीत बसवायची खुर्ची पाठवली होती, जाड पट्ट्यांची. भावनाने ती हौसेने मागच्या सीटवर लावून घेतली. ते बघून तिच्या सासूबाई, आशालता, भडकल्याच.

“पोर काय चोर हाय, बांधून न्यायला? आयच्या दारात अशी नेतात काय?”

“अहो आई, निदान घाटापुरती तरी,” भावना पुटपुटली. तिला गाडी लागायची, पोर मांडीवर घेणं तिला जमणार नव्हतं.

“जनी हाय ना. तिचे हात काय कमी हायेत?”

जनीची छाती फुगली. “माज्या हातांतनं नाय सुटायची,” ती म्हणाली. एवढा मान तिला जन्मात कुणी दिला नव्हता, बिचारीला.

रिकाम्या खुर्चीत आशालताबाईंनी देवीच्या ओटीची टोपली ठेवली. साडी, खण, पाच नारळ. नारळ गडगडायला नकोत म्हणून पट्टे स्वतः आवळले. शेजारी जनी पोरीला मिठीत घेऊन बसली.

घाटाआधीच्या चौक गावाच्या अलीकडे पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला. कुंदनने मारला तो उशिरा. समृद्धी जनीच्या मिठीतून निघाली आणि समोरच्या काचेवर आदळली. ती जागीच गेली. जनीची दोन्ही मनगटं मोडली होती, इतकं घट्ट तिने धरलं होतं. टोपलीतला एक नारळही हलला नव्हता.

जनीला प्लास्टर घालत होते तेव्हा बाहेर डॉक्टर कुंदनला म्हणाले, “या वेगात पैलवानाच्या हातातूनही मूल सुटतं. खुर्चीत असती तर वाचली असती बहुतेक.” कुंदनने मान हलवली. घरी मात्र चकार शब्द काढला नाही. काढला असता तर दोष आईकडे गेला असता, आणि आईला दोष द्यायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

तेराव्याला आशालताबाईंनी जमलेल्या बायांना सांगितलं, “आयनं आपली ओटी राखली. त्या कातकरणीनं आमची पोर टाकली.”

टाकली! हा शब्द कॉलनीभर झाला. जनीला कुणी बोलावेना. मनगटं वाकडी जुळली तशीच ती पुन्हा भट्टीवर गेली.

तीन वर्षांनी ती रानभाजी विकायला कॉलनीत आली होती. फाटकापाशी गाडी उभी. कुंदन आपल्या वर्षाच्या मुलाला तशाच खुर्चीत बसवत होता आणि आशालताबाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, “नीट आवळ रे.”

जनी थांबली. “आये, आता बांधून नेता?”

“तुजे हात बघितल्यावर बांदायलाच लागतं, गे.”

कुंदनने ऐकलं. डॉक्टरांचं बोलणं त्याला आठवलंच असणार. त्याने दार लावलं आणि गाडी काढली. इतका भेकड माणूस!

जनीला मात्र आशालताबाईंचं ते बोलणं पटलं. तिच्या आयुष्यात वाईट पुष्कळ झालं, पण याहून वाईट काही झालं नाही.

त्या संध्याकाळी वाडीवर तिची लेक साळू पहिलं बाळ दाखवायला सासरहून आली. तिने ते हौसेने आईपुढे धरलं. जनीने दोन्ही हात पदराखाली घेतले.

“भुईवर ठेव,” ती म्हणाली. “मी नाय घेत.”