तुळजायनं सांगितलेली वयं

शेजारचा लखू धावत आला तेव्हा तुळजाय परसात कणगीचे कंद खणत होती.

“तुळजाय, चल. देवळात बोलावलंय तुला.”

“कोण अडलीय?” तिनं कुदळ टाकत विचारलं. चाळीस वर्षं तिला घाईचं बोलावणं आलं ते कुणा बाईला कळा सुरू झाल्या म्हणूनच.

“मास्तर अडलाय,” लखू म्हणाला.

तुळजायनं हात धुतले, पदर खोचला आणि निघाली. वाटेत लखूनं सगळं सांगितलं.

सुपा पेट्यात, म्हणजे पोटतालुक्यात, काळी नदीच्या वरच्या अंगाला केळंबे गाव. पाच वाड्या, मधे दोन डोंगर. एकोणीसशे बारा साली, सुगी आटोपली तेव्हा या गावाला शाळा मिळाली. परशुराम मास्तर खानापूरकडून पायी आले. अजून मिशी नीट फुटली नव्हती, पण बोर्डाचा कागद मात्र त्यांनी अगदी जपून आणला होता. कागदात लिहिलं होतं : मास्तर एक, मुलं तीस. सहा वर्षं पुरी झालेली आणि दहाच्या आतली घ्यावीत. जागा अपुऱ्या पडल्या तर मोठ्याला आधी घ्यावं.

मुलं आली सत्तेचाळीस.

मास्तर वय विचारत आणि बाप सांगे, “सहा.” दोन दिवसांत गावात सहाशिवाय दुसरं वयच उरलं नाही. आईच्या कडेवरून न उतरणारं पोरही सहाचं आणि ओठावर लव आलेला चंद्राही सहाचाच. मग, सहाच्या आतल्या पोराचा हात पोचत नाही म्हणून, मास्तरांनी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला. ती बातमी वाड्यांवर पोचली, आणि गुरं राखता राखता पोरांनी मान वाकडी करून कान धरायचा असा सराव केला, की तिसऱ्या दिवशी एकजात सगळ्यांचा हात पोचला. मास्तर डोकं धरून बसले. तेव्हा कुणीतरी म्हणालं, “तुळजायला विचारा की. सगळी तिच्याच हातांत आली.”

तुळजाय दिग्गीकडून लग्न होऊन केळंब्यात आली होती. सासू सुईण. तिच्यामागून टोपली घेऊन हिंडता हिंडता तुळजायही शिकली. जंगल खात्यानं कुमरी बंद केली, रान जाळून नाचणी पेरायची सोय गेली, तेव्हा तिचा नवरा बांबू तोडायच्या कामाला गेला आणि तापानं फणफणून परत आला, तो उठलाच नाही. एक लेक, पारू. ती गावातच दिलेली. तुळजायला अक्षर ठाऊक नव्हतं, पण कुठल्या बाळाच्या वेळी वाटेत काय आडवं आलं ते ती विसरत नसे.

देवळाच्या पडवीत मास्तर वही उघडून बसले होते. भोवती सारा गाव. तुळजाय खांबाला टेकून बसली आणि एकेका पोराला पुढं बोलावू लागली.

“हा लाडूचा पोरगा. ह्याच्या वेळंला नदी भरून चालली होती. मला तराफ्यावर घालून नेलं, मी सारा वेळ डोळं मिटून होते.”

“म्हणजे श्रावण?”

“व्हय. हल्याळचा बाजार रोगानं बंद पडला होता, ते साल.”

मास्तरांनी बोटं मोजली. “आठ पुरी.”

चंद्रा पुढं आला. तुळजायनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “ह्याच्या बारशाला मी दातानं सुपारी फोडली होती. ते दात जाऊन दहा वर्षं झाली, मास्तर.” गाव हसला. चंद्राही हसला आणि बैल सोडायला निघून गेला.

दुपारपर्यंत एकोणतीस नावं पक्की झाली. एक जागा उरली, आणि तिच्यासाठी पोरं दोन : वासू आणि मारुती. दोघांची सहा वर्षं पुरी होती, दोघं एकाच दिवशी जन्मलेले. मारुती गावच्या बुधवंताचा, म्हणजे गावप्रमुख येसाजीचा नातू. वासू पारूचा मुलगा, तुळजायचा सख्खा नातू.

“दोघांत मोठा कोण?” मास्तरांनी विचारलं.

 उत्तर तुळजायला ठाऊक होतं आणि ते दिल्यावर लोक काय म्हणतील तेही. मारुतीचं नाव सांगून मोकळं व्हावं, असं एकदा मनात आलं. पण सकाळपासून एकोणतीस पोरांचं खरं सांगितलं होतं. तिसाव्याला खोटं बोलायला जीभ उचलेना.

“वासू मोठा,” ती म्हणाली. “गुरं सुटायच्या वक्ताला वासू झाला. गुरं परत यायच्या वक्ताला मारुती.”

येसाजी आवाज न चढवता म्हणाला, “तुळजाय, नातू तुझा आणि साक्ष बी तुझीच. हे कसं काय?”

“तुझं खरं हाय, बुधवंता,” ती म्हणाली. “मास्तर, ह्या दोघांत माझं बोलणं धरू नका.”

 मास्तरांनी टाक खाली ठेवला. तेवढ्यात बायकांमधून एक जण उठली. येसाजीची सून आणि मारुतीची आई, सावित्री. सासऱ्यासमोर चार लोकांत ती कधी बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती म्हणाली, “मामा, त्या दिवशी तुळजाय आपल्याकडं आली ती वल्या केसांनी. पारूचं बाळंतपण उरकून, न्हाऊन आली होती. ‘सकाळधरनं उपाशी हाय, नातू झाला,’ असं म्हणाली. मी आतनं ऐकलं. तवा तुम्हीच तिच्या हातावर गूळ ठेवलात.”

येसाजीनं देवळाच्या कौलांकडं पाहिलं. मग मान डोलावली.

“ठेवला होता खरा. चांगला मोठा खडा होता.”

“बारकाच होता,” तुळजाय म्हणाली.

आधी येसाजीच हसला, मग सगळे. मास्तरांनी वासूचं नाव लिहिलं. खाली रेघ ओढून मारुतीचंही लिहिलं, पहिली जागा रिकामी होईल ती त्याची म्हणून. मारुती मात्र आईच्या लुगड्यात तोंड खुपसून पोटभर रडला.

फार दिवस थांबावं लागलं नाही त्याला. लाडूच्या पोराचं शाळेत मन रमेना. कुणी न्यायला आलं की तो फणसावर चढे आणि खाली त्यानं राखायला आणलेल्या म्हशी चरत असत. तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी त्याचं नाव काढलं. दुसऱ्या दिवशी मारुती वासूच्या शेजारी जाऊन बसला. येसाजी स्वतः तुळजायच्या दारात सांगायला आला आणि पेज पिऊन गेला.

मास्तरांनी तुळजायला एक काम लावून दिलं. बाळ झालं की शाळेत येऊन सांगायचं, ते दिवस-तिथी वहीत लिहिणार. तिला ते आवडलं. बाळंतिणीचं न्हाणं-धुणं उरकलं की ती थेट पडवीत येई. आत पाढे चालले असले तरी दाराशी बसून राही, मास्तर वही काढीपर्यंत.

दोन वर्षांनी सावित्रीला मुलगी झाली. तुळजाय निघाली तसा येसाजी म्हणाला, “पोरीचं कशाला लिवायला पायजे?”

“जागा लागंल की तिला,” तुळजाय म्हणाली आणि चालू लागली.

त्या मुलीचं नाव गिरजा. सहा वर्षं पुरी झाल्यावर ती शाळेत गेली. परशुराम मास्तरांची बदली झाली होती, नवे मास्तर कारवारकडचे होते. त्यांनी वही उघडली, तारीख पाहिली आणि काही न विचारता नाव घातलं. तुळजायला तोवर नदी ओलांडवत नव्हती. बाळंतपणाला आता टोपली घेऊन पारू जाई, आणि तुळजाय उन्हात बसून तिला विचारी, “मास्तरला सांगून आलीस ना?”