लाईनमनच्या घरातली बॅटरी

महांतप्पांना आधी वाटलं, बॅटरीच खोटी निघाली. मग वाटलं, शिवप्पानं जोडणी चुकवली. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा मात्र आपलंच डोकं ठिकाणावर नाही की काय, अशी शंका त्यांच्या मनात शिरली आणि अन्न गोड लागेना.

विजेच्या खात्यात छत्तीस वर्षं लाईनमनची नोकरी केलेला हा माणूस सास्तूरला, भूकंपानंतर मिळालेल्या दोन खोल्यांच्या घरात एकटा राहायचा. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी अर्पिता पुण्याला. मागच्या उन्हाळ्यात महांतप्पा न्हाणीत घसरून पडले आणि दोन तास कुणाला पत्ता लागला नाही. तेव्हा तिनं हा सगळा थाट करून घेतला. पुढच्या खोलीत दोन्हीकडून बोलता येणारा कॅमेरा, इंटरनेटचा डबा, मोबाईलवरून लागणारे दिवे आणि पंखा. लाईट गेली तरी कॅमेरा आणि इंटरनेट चार तास चालावं म्हणून लोहाऱ्याचा दुकानदार शिवप्पा यानं बॅटरीची एक पेटीही बसवून दिली.

हा थाट महांतप्पांना काही मानवला नाही. जन्मभर ज्यानं खांबावर चढून गावाला उजेड दिला, त्याच्या घरात बटणाला हात न लावता दिवा लागायचा. पुण्यातून लेक दिवा लावायची, हे उठून विझवायचे, मग तिचा फोन यायचा. इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं.

पण लाईट गेली की चार तास सोडाच, पाच मिनिटांत कॅमेरा आंधळा व्हायचा. तिकडं अर्पिताचा जीव टांगणीला लागायचा. ती शेजाऱ्यांना फोन करायची, शेजारी हातातलं काम टाकून धावत यायचे, आणि महांतप्पा ओट्यावर धडधाकट बसलेले असायचे. शिवप्पा तीनदा येऊन गेला. बॅटरी बदलली. मेन स्विच पाडून स्वतः दीड तास पेटीसमोर बसला. पेटी सुरळीत चालली. “पेटी ठणठणीत हाय, काका,” एवढं म्हणून तो गेला, आणि पुढचं जे म्हणाला नाही, ते महांतप्पांना ऐकू आलं.

शेवटी अर्पितानं हळू आवाजात विचारलं, की पेटी तुम्हीच तर बंद करत नाही ना? त्यांनी गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, न्हाय. त्यावर ती म्हणाली, “आठवत नसेल तुम्हाला, अप्पा.” ती रागावली असती तर बरं झालं असतं. पुन्हा एकदा असं झालं तर मी तुम्हाला पुण्याला घेऊन येणार, हेही तिनं त्याच हळू आवाजात सांगितलं.

पुण्यात चौथ्या मजल्यावर बसून काय करायचं? महांतप्पा स्वतःची परीक्षा घ्यायला लागले. सास्तूर ते माकणी खांबांचे नंबर ओळीनं आठवले, एकही चुकला नाही. सकाळची गोळी घेतली की नाही, ते मात्र आठवेना. मग त्यांनी पेटीच्या बटणावर सुतळी गुंडाळून दोन गाठी मारल्या आणि खुर्ची टाकून शेजारी बसले. बघू कोण येतंय.

सकाळी अकराला लाईट गेली. थोड्या वेळानं अर्पिताचा फोन आला. बघतात तर पेटी बंद, सुतळी गायब. घरात दुसरं कुणी नव्हतं. दार सताड उघडं होतं, खुर्ची जिथल्या तिथं होती. रुमालासाठी खिशात हात घातला, तर सुतळी हाताला लागली. नीट वेटोळं करून, टोक आत खोचून ठेवलेली. महांतप्पा लई घाबरले. भूकंपातसुद्धा इतके घाबरले नव्हते.

शनिवारी अर्पिता गाडी घेऊन आली. त्यांनी वाद घातला नाही, बॅग भरू दिली. बॅग गाडीतही जाऊन पडली. शिवप्पा सामान काढायला आला होता. कॅमेऱ्यातलं कार्ड काढताना त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं ते मोबाईलला जोडलं आणि तिघं बघायला लागली.

लाईट जाते. महांतप्पा उठतात. मेन स्विच खाली ओढतात. दारात जाऊन समोरच्या खांबाकडं वर बघतात. परत येतात, सुतळी सोडतात, वेटोळं करून खिशात ठेवतात, वाकून पेटीचं बटण दाबतात. चित्र संपतं. आधीच्या वेळीही तेच. फक्त सुतळी नव्हती.

महांतप्पांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघून ते खाली बसले.

“खांबावर माणूस असतो,” ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं, ते अर्पितानं कधी ऐकलं नव्हतं. अप्पांचे जोडीदार लाईनमन हरिबाकाका शॉक लागून गेले, एवढंच तिला माहीत होतं. लाईनमनची रीत अशी, की खालच्यानं लाईन पाडून ‘बंद हाय’ म्हणायचं, चढणाऱ्यानं तेच परत म्हणायचं आणि मगच खांबाला पाय लावायचा. चोवीस वर्षांपूर्वी त्या दिवशी स्विच महांतप्पांनी पाडला होता, हाळीही त्यांनीच दिली होती. हरिबानं ती परत म्हटली आणि तो चढला. तेवढ्यात गिरणीवाल्यानं जनरेटर लावला आणि करंट उलटा लाईनीवर गेला.

“म्या म्हणलं म्हणून चढला त्यो,” महांतप्पा म्हणाले. लाईन मेलेली आणि घरात काहीतरी चालू, हे त्यांच्या हाताला सोसवत नव्हतं. हातानं डोक्याला विचारलंच नव्हतं.

या पेटीतून करंट उलटा जात नाही, हे शिवप्पा समजावू लागला. तवा बी असंच म्हणत होते, एवढं बोलून त्यांनी त्याला गप्प केलं. शिवप्पानं थोडा विचार केला, पेटीचा भिंतीतला प्लग उपसला आणि त्यांच्या हातात दिला. वायर मोकळी लोंबत होती आणि पेटीवरचे दिवे चालू होते. महांतप्पांनी टेस्टर आणून दोन्ही पिना तपासल्या. भिंतीकडं बघितलं, पुन्हा वायरकडं बघितलं.

“असं चालतंय,” ते म्हणाले. अर्पिता उठली आणि गाडीतली बॅग घरात घेऊन आली.

बुधवारी दुपारी लाईट गेली. महांतप्पांनी मेन पाडला, दारातून खांबाकडं बघितलं, आत येऊन प्लग उपसला. पेटी चालूच होती. वायर हातात धरून ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि चोवीस वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते मोठ्यानं म्हणाले.

“बंद हाय.”

मग त्या एवढ्याशा कॅमेऱ्यातून, पुण्याहून, अर्पिताचा आवाज आला.

“बंद हाय, अप्पा.”