अकरा जास्त, एक कमी

डोणगावची सरकारी कचेरी बंद पडणार म्हटल्यावर सगळ्यात जोरदार तयारी मी केली. मी सरकारी नोकर नव्हतो.

बाबा होते. शेतांच्या बांधबंदिस्तीचं काम पाहणाऱ्या त्या कचेरीत ते चपराशी होते, तेही टेंपररी. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. पूर्वी आमच्या कचेरीचे कागद नागपूरला अडायचे, आता ते मुंबईला अडू लागले होते, एवढा फरक आम्हाला कळला होता. त्या मार्चात अडलेला कागद कचेरीच्या मुदतवाढीचा होता. तो महिनाअखेरपर्यंत आला नाही, तर एक तारखेपासून कचेरीला कुलूप, आणि मंजुरी येईपर्यंत सगळ्यांनी बिनपगारी घरी बसायचं!

हेडक्लार्क शेखबाबूंनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "घाबराचं काम नाई. पन तयारीत राहा. ज्याच्या ताब्यात जे सरकारी सामान हाये, त्यानं थे यादीसकट जमा करा. रजिस्टराशी यादी जुळली, त्याले चिठ्ठी. कचेरी पुन्हा उघडली की चिठ्ठीवाल्याले पयले बलावनार. नाई जुळली, तर थो बसला घरीच!"

कचेरीची किल्ली बाबांकडे, म्हणून सगळं सामानही बाबांच्याच ताब्यात. आणि बाबांना लिहिता येत नव्हतं. पण ते मुळीच घाबरले नाहीत. "माहा पोरगा कॉलेजात हाये," ते छाती काढून म्हणाले. "थो लिहीन."

मी फर्स्ट इयरला होतो. आमच्या घराण्यात कॉलेज आतून पाहणारा मी पहिलाच. (बाहेरून काकांनी पाहिलं होतं. ते भिंतींना चुना द्यायला गेले होते.) सुटीत घरी आलो तेव्हा माझ्या अंगात हिरवा कोट होता. मॅट्रिक पास झालो तेव्हा मायने शिवून घेतलेला, जाड, लोकरी. पाठीवर एक निळसर डाग होता, पण आपली पाठ आपल्याला कुठे दिसते? मार्चच्या उन्हात मी तो घालून गावभर फिरायचो. कॉलेजचा मुलगा लोकांना ओळखू तर आला पाहिजे!

अडचण अशी होती की कचेरी आमच्या घराला लागूनच होती. साहेब दौऱ्यावर आले की आमची खुर्ची आणि आमची घागर कचेरीत जाई. माझ्या अभ्यासासाठी कचेरीचा कंदील आमच्याकडे येई. नऊ वर्षांत कोण कुठलं हे सामानही विसरलं होतं.

"बाबा, हा कंदील कोणाचा?"

"सरकारचा असन."

"आणि ही बादली?"

"बादली आपली. का मंग आपली तिकडं गेली अन् थ्यायची इकडं आली? काई ध्यानात नाई रे बापा."

मी विचारात पडलो. शाळेत नागरिकशास्त्रात मला चांगले मार्क होते. मी एक नियम ठरवला : शंका आली की वस्तू सरकारची! त्या नियमाने कंदील गेला, बादली गेली, खुर्ची गेली, मायची तांब्याची घागर गेली. मग मी वरवंट्याकडे पाहिलं.

"काऊन रे," माय म्हणाली, "सरकार चटनी वाटते काय?"

"माय, हा वरवंटा एकदा कचेरीत गेला होता."

"दार आपटू नये म्हनून लावाले नेला होता!"

"म्हणजे सरकारी कामाला वापरला."

मी वरवंटा लिहिला. वरवंट्याशिवाय पाटा एकटा काय करील, म्हणून पाटाही लिहिला. सगळं सामान डोक्यावर घेऊन मीच कचेरीत नेऊन ठेवलं. त्या दिवशी आमच्या घरी चटणी झाली नाही, आणि माय माझ्याशी बोललीही नाही.

दुसऱ्या दिवशी शेखबाबूंनी रजिस्टर उघडलं. माझी यादी आणि रजिस्टर असं दोन्हीकडे बोट फिरवता फिरवता त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"अकरा जास्त!"

"जास्त म्हणजे चांगलंच ना?" मी चाचरत विचारलं.

"अरे भाई, कमी निघालं तं मानूस इसरला म्हनता येते. जास्त निघालं तं कोठून आनलं थे सांगा लागते! साहेब मले पुसतीन, शेखबाबू, हा पाटा सरकारनं कायले घेतला? मी काय सांगू? बांध वाटाले?"

मी मान खाली घातली.

"अन् वरून एक कमी! टेबलक्लॉथ, हिरवा, जुना. नवा आला तवा हा बाजूले काढला, पन रजिस्टरातून काढला नाई. अकरा जास्तीचं मी पाहून घेईन. पन हा एक नाई सापडला, तं नारायन, तुले चिठ्ठी नाई!" ते बाबांकडे वळून म्हणाले.

बाबांचा चेहरा उतरला. चिठ्ठी नाही म्हणजे बोलावणं नाही. बोलावणं नाही म्हणजे माझं कॉलेजही नाही. मी ताडकन उठलो. कपाटामागे पाहिलं, माळ्यावर चढलो, खाटेखाली सरपटलो. घामाने माझी अंघोळ झाली.

"कोट तरी काढून ठेव बे," शेखबाबू म्हणाले.

"नोको, नोको!" बाबा एकदम ओरडले. "राहू द्या त्याच्या आंगात!"

बाबांच्या मायेने मला भरून आलं. तरीही कर्तव्य ते कर्तव्य. मी त्यांच्यासमोर उभा राहून म्हणालो, "बाबा, नीट आठवा. कोणाला दिला? सरकारी वस्तू अशी हवेत विरत नसते!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आढ्याकडे पाहिलं. "शोध बापा," ते म्हणाले, "शोध."

तेवढ्यात माय दारात उभी. "बाबू, माहा पाटा देता का नाई?"

"वयनी, यादी जुळल्याबिगर काईच देता येत नाई. एक टेबलक्लॉथ कमी हाये. हिरवा. तुमचा पोरगा सकाळपासून शोधून राह्यला."

मायने मला खालून वर न्याहाळलं. कालपासूनचा राग तिच्या डोळ्यांत होताच.

"थो शोधून नाई राह्यला, बाबू. थो त्याले गावभर फिरवून राह्यला!"

शेखबाबूंनी मला खांद्यांना धरून गर्रकन फिरवलं.

"या अल्ला! हा तं माह्या दौतीचा डाग!"

बाबा जमिनीकडे पाहत हळूच म्हणाले, "नवा आला तवा तुम्हीच म्हनले होते, जुना फेकून दे. पोरगा मॅट्रिक पास झाला होता, बाबू. त्याले कोट नोता. फेकाले जीव नाई झाला."

शेखबाबूंनी चष्मा काढला. मग तो पुसत माझ्याकडे न पाहता म्हणाले, "काढ."

मी कोट काढला. (खालच्या सदऱ्याची पाठ फाटलेली होती, ती कोटामुळेच झाकायची.) त्यांनी तो टेबलावर पसरला, बटणं लावली, बाह्या दोन्ही बाजूंना व्यवस्थित सोडल्या. माझ्या यादीतल्या अकरा वस्तूंवर रेघ मारली आणि रजिस्टरात शेरा लिहिला : 'टेबलक्लॉथ, हिरवा, जुना, बाह्यांसह, एक. हजर.' बाबांना चिठ्ठी मिळाली. मायला पाटा-वरवंटा मिळाला. तो परत घरी मीच नेला, सगळ्या गावादेखत, फाटक्या सदऱ्यात.

तीन दिवसांनी मुंबईहून मंजुरी आली. सहा महिन्यांची मुदतवाढ! कुलूप लागलंच नाही. मायने शिरा केला, शेखबाबूंकडे वाटीभर पाठवला, आणि त्यांचा आनंद पाहून मी धीर करून विचारलं, "बाबूजी, आता माझा कोट...?"

"अरे, शेरा पडला ना! डेडस्टॉकाच्या रजिस्टरात हजर म्हनून लिवलं, थे आता मले बी काढता येत नाई. थे कायम झालं."

बाबा नऊ वर्षं टेंपररी होते. मी कायमची सरकारी नोकरी लागावी म्हणून कॉलेजात शिकत होतो. आणि आमच्या घरातून कायम झाला तो माझा कोट, तोही मॅट्रिकवर!