फाटकाबाहेरच्या अक्षता

परवा पुतण्याच्या लग्नात अक्षता म्हणून हळदीनं पिवळी केलेली ज्वारी हातात आली. तिच्या वासासरशी मी हसनाबादच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

माझं लग्न कोरोनातलं. लग्नाला पन्नासच माणसं, हे गावात दारोदार सांगत फिरलेले पोलीस पाटील म्हणजे माझेच वडील, आबा. ऐन मुहूर्ताला नवऱ्याची आजी तीर्थपुरीहून हट्टानं आली आणि माणसं एक्कावन्न झाली.

"दाजी, एका माणसानं काय बिघडतंय?" मामा म्हणाला.

"बिलकुल न्हाई. मंग उद्या गावाला कोणत्या तोंडानं सांगू?"

आबांनी आजीला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण फाटकाबाहेर, भर उन्हात, मास्क लावून उभे राहिले. कन्यादानाला मामा-मामी बसले. आबांनी रस्त्यावरून टाकलेली ज्वारी फाटकापाशीच सांडली. अंतरपाटाआड मी रागानं रडत होते. माझ्यापेक्षा नियम मोठा?

तो राग कधीच गेला. आता सासरी कुणी विचारलं, "बापानं लग्नात काय दिलं गं?" की मी ताठ मानेनं सांगते, "तुमच्या आजीला स्वतःची जागा दिली."