एक नंबर लहान नळी

माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या मिलिटरी हॉस्पिटलात होती. मी हवालदार, ऑपरेशन थिएटरचा असिस्टंट. इन्चार्ज आमच्याच भागातले, कडेगावचे सुभेदार यादव. सकाळी सात वाजता सामानाची तपासणी. लहान मूल टेबलावर येणार असेल तर श्वासनळीत घालायच्या तीन नळ्या मांडायच्या: मापाची, एक नंबर मोठी, एक नंबर लहान. नेहमी लागायची मापाचीच. बाकीच्या दोन मांडायचा मला कंटाळा यायचा.

एकदा साडेनऊला एका शिपायाची चार वर्षांची मुलगी टॉन्सिलच्या ऑपरेशनला आली. भूल दिल्यावर भुलेचे डॉक्टर असलेल्या मेजरसाहेबांनी नळीची वाट बघायच्या साध्या लॅरिंगोस्कोपनं घसा उघडला. नीट दिसेना. मास्कनं ऑक्सिजन देऊन त्यांच्या ज्युनियर कॅप्टन मॅडमनी कॅमेऱ्याचा लॅरिंगोस्कोप घेतला. पडद्यावर वाट लख्ख दिसली, पण नळी आत जाईना. पुन्हा मास्क लावला. आता छातीही नीट फुगेना.

"सॅच्युरेशन?" मेजरांनी रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा विचारला.

"ब्याऐंशी, सर," मॅडम म्हणाल्या. नव्वदच्या खाली म्हणजे धोका.

"साधा दे," मेजर म्हणाले.

"सर, कॅमेराच राहू दे," मॅडम म्हणाल्या.

हुकूम सीनियरचा, पण वाट तर कॅमेऱ्यात दिसत होती. दोन्ही हातांत दोन लॅरिंगोस्कोप घेऊन मी नुसता उभा राहिलो. मती गुंग झाली होती आणि मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? सुभेदारांनी माझ्या हातातला कॅमेरा मॅडमना दिला आणि कुणी न सांगता पाठोपाठ लहान नळी पुढे केली. ती गेली. नऊ बावन्नला आकडा अठ्ठ्याण्णव.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "साहेब, मग चांगलं कंचं? साधं का कॅमेरा?"

"मला तरी कुठं ठावं, गड्या? नळी मोठी हुती, एवढं दिसलं."

त्याच हिवाळ्यात ते वरच्या पोस्टवरचा पेशंट आणायला गेले. रस्त्यावर बर्फाचा कडा कोसळला. ॲम्ब्युलन्स तिसऱ्या दिवशी सापडली.

आता मी रिटायर आहे. गेल्या महिन्यात सांगलीत पुतण्याच्या मुलीचं तेच ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी नळी घालायच्या दोन्ही पद्धती समजावल्या, साधी आणि कॅमेऱ्याची. पुतण्या माझ्याकडं वळला. "काका, तुमी फौजंत हेच केलं न्हवं? कशानं करू द्यायचं, सांगा की."

उभी नोकरी थिएटरात गेली, तरी मला सांगता येईना. लाज वाटली. डॉक्टरांना एवढंच विचारलं, "एक नंबर लहान नळी हाताशी असते न्हवं?"

"असतेच की."

अकरा दहाला पोरगी बाहेर आली, घोगऱ्या आवाजात आईस्क्रीम मागत.

"काका, तुमी एवढंच इचारलंत?" पुतण्या म्हणाला.

"मला तेवढंच ठावं हाय," मी म्हणालो. "आन् ते बी सुभेदार यादवांचं."