कडी

माझे मामा, शमुवेल साळवे, गेल्या महिन्यात दौंडमधल्या आपल्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत वारले. दार आतून लावलेलं होतं. मामी बाहेर पायरीवर बसल्या होत्या.

मामांची सारी नोकरी रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नल आणि रुळांचे सांधे सांभाळण्यात गेली. देवाबद्दल ते बोलत तेही तिथल्याच भाषेत. गाडी स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला उभी राहते तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून भांडत नाही, पुढे लाइन का मोकळी नाही ते केबिनला ठाऊक असतं, असं ते चर्चमध्ये साक्ष देताना सांगत. ड्युटी नसेल त्या प्रत्येक संध्याकाळी साडेसातला घरात गीत, एक अध्याय आणि प्रार्थना होई. त्याआधी ते दाराला कडी घालत. मग पाहुणा येवो की साहेबाचा माणूस, आमेन होईपर्यंत कोणी उठायचं नाही. उशिरा येणाऱ्यानं पायरीवर थांबायचं, दार वाजवायचं नाही. लहानपणी सुट्टीत मीही त्या पायरीवर बसलो आहे. शेजारच्या ठकूबाई येता-जाता विचारत, "काय पाव्हणं, आज तुमचा नंबर व्हय?"

त्या पायरीवर सर्वांत जास्त बसला तो मामांचा एकुलता मुलगा दानिएल. नव्वदच्या दशकात, उसाच्या गळिताच्या हंगामात, तो पाटसकडे साखर कारखान्यात कामाला जात असे आणि वेळेवर क्वचितच परते. अशाच एका शनिवारी रुळांकडेच्या गवतातून येताना त्याला पायाला काहीतरी चावलं. तो पायरीवर येऊन बसला. ठकूबाईंनी कंदील आणून पाय पाहिला. दोन बारीक टिपके होते, सूज नव्हती. त्या दार वाजवायला उठल्या, तर त्यानं त्यांचा हात धरला. "नको मावशी. आबा मधी उठायचे न्हाईत. आन् उठले तर वरीसभर ऐकवतील." यावर दोघं हसली, असं ठकूबाई सांगतात. शनिवारची प्रार्थना लांब असे. मामा एकेका नातेवाइकाचं नाव घेत. त्या दिवशी त्यांनी दानिएलला वेळेची शिस्त लागावी म्हणून प्रार्थना केली... ती बाहेर ऐकू येत होती. आमेन झाल्यावर दार उघडलं तेव्हा त्याच्या पापण्या वर होत नव्हत्या. मण्यार असावी, असं दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि पुण्याला न्यायला लावलं. वरवंडच्या पुढे जीपमध्ये तो गेला. आधी आणलं असतं तर वाचला असता का, हे मामांनी कोणालाही विचारलं नाही.

माती झाली त्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. साडेसात वाजले, मामा उठले आणि त्यांनी कडी घालायला हात वर केला. तेवढ्यात मामी उठल्या, त्यांच्या हाताखालून वाकून बाहेर गेल्या आणि पायरीवर बसल्या. मामांनी कडी घातली. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी चर्चमध्ये साक्ष दिली. मुलगा देवाचा होता, देवानं नेला, त्याच्या योजनेत चूक नसते, असं म्हणून त्यांनी आभार मानले. आवाज कापला नाही. काही जणांनी त्यांच्या विश्वासाचं कौतुक केलं. मामी बायकांच्या बाजूला मान ताठ ठेवून बसल्या होत्या.

त्यानंतर मामी संध्याकाळच्या प्रार्थनेला एकदाही आत बसल्या नाहीत. स्वयंपाक, धुणं, रविवारचं चर्च यांत खंड पडला नाही. साडेसातला त्या बाहेर जात आणि आमेन झाल्यावर आत येऊन ताटं वाढत. शिरूरहून त्यांचे भाऊ न्यायला आले. मामींनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "मी गेले तर ह्यांना बरं वाटंल. मी न्हाई जायची." मामा तिथेच होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि पाव्हण्यांच्या एसटीची वेळ सांगितली. मामींना आत ये म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "देवानं तिला तिथं बसवलंय, तर त्यातबी त्याचा काही हेतू असंल." हे मामींनी ऐकलं. त्या फक्त भाकरी थापत राहिल्या.

गेल्या महिन्यात त्या संध्याकाळी गीत झालं, अध्याय झाला, प्रार्थना सुरू झाली आणि मध्येच थांबली. ठकूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. आवाज बंद पडला की वो, आत बघा तरी, असं त्या म्हणाल्या. मामी जागच्या हलल्या नाहीत.

"आमेन कुठं झालंय?"

ठकूबाईंनी सूप बाजूला ठेवलं, दारावर थापा मारल्या, मग माणसं बोलावली. खांदा लावून कडी तोडली. मामा चटईवर गुडघ्यांतून पुढे कलंडले होते. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका सांगितला. आवाज थांबल्यावर ते किती वेळ जिवंत होते, हे कळू शकलं नाही. चर्चच्या पाळकांनी मामींना विचारलं, तुम्ही दार का वाजवलं नाही. मामी म्हणाल्या, "आमच्यात वाजवत न्हाईत."

परवा शनिवारी मी दौंडला गेलो होतो. तुटलेली कडी एका खिळ्यावर लोंबत होती. साडेसातला मामींनी रिकाम्या खोलीत दिवा लावला, चटई अंथरली, बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसल्या. मी शेवटची गाडी पकडायला निघालो, तेव्हा त्या तिथेच होत्या.